अक्कलकोट रोडचं लेथ वर्कशॉप : एकच नग, तोही कधी न पाहिलेल्या यंत्राचा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत, टॉवेल कारखान्यांच्या मागच्या गल्लीत हे वर्कशॉप आहे. पाटी रस्त्यावरून दिसत नाही. मागांचा खडखडाट ऐकत आत यायचं आणि कटिंग ऑइलचा वास आला की थांबायचं. दोन लेथ, एक ड्रिलिंग मशीन, एक जुना शेपर आणि दारात बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, भंगाराचा ढीग. इथलं रोजचं काम यंत्रमागाच्या सुट्या भागांचं : घासलेले बुश, वाकलेले शाफ्ट, दात गेलेले गिअर. मी मात्र मार्च ते डिसेंबर सात-आठ खेपा घातल्या त्या एका स्टर्लिंग इंजिनासाठी, आणि पुढे तेच इंजिन मोटरने फिरवून त्यातून थंडी काढण्यासाठी. असलं एकुलतं एक काम घेऊन फिरणाऱ्या माणसाला दहा ठिकाणी 'नग किती?' एवढंच विचारलं जातं. सोलापुरात असं काम कुठे न्यावं, हे कळावं म्हणून सविस्तर लिहिते आहे.

मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते, चोवीस वर्षं झाली. उष्मागतिकीचा धडा आला की दरवर्षी एक वाक्य ऐकते, 'मॅडम, फ्रीजमध्ये गॅस असतो म्हणून थंड होतं.' मुलांचा दोष नाही. घरोघरी फ्रीज बिघडला की 'गॅस गेला' हेच ऐकू येतं. आमच्या घरातही तेच. माझा धाकटा दीर फ्रीज-एसीची दुरुस्ती करतो, हाताला फार चांगला आहे, पण त्याचंही म्हणणं ठाम, 'वहिनी, गॅस नाही तर थंडी नाही.' मला एकदा तरी बंद नळीत नुसती हवा, आपण श्वासात घेतो ती हवा, घेऊन तांब्याची चकती गार करून दाखवायची होती. मुलांनी बोट लावून बघावं एवढी गार. एवढाच हट्ट होता.

स्टर्लिंग इंजिन त्यासाठीच निवडलं. त्यात झडप नाही, स्फोट नाही, आत-बाहेर काही जात-येत नाही. एका टोकाला दिवा, दुसऱ्या टोकाला पाणी, मध्ये कोंडलेली हवा. एक पोकळ दट्ट्या, त्याला डिस्प्लेसर म्हणतात, तो हवेला गरम टोकाकडून गार टोकाकडे आणि परत ढकलत राहतो. हवा तापली की फुगते, निवली की आक्रसते, आणि त्या फुगण्या-आक्रसण्यावर दुसरा, घट्ट बसलेला पिस्टन चालतो. रॉबर्ट स्टर्लिंग नावाच्या स्कॉटलंडमधल्या पाद्र्याने १८१६ साली याचं पेटंट घेतलं.

पहिला पिस्टन मी शहरातल्याच दुसऱ्या एका ठिकाणी करून घेतला होता. नाव लिहीत नाही. ७०० रुपये गेले आणि हातात आला तो जरासा अंडाकृती पिस्टन. सिलिंडरमध्ये घातला की एका बाजूने फिरवला तर अडकायचा, दुसऱ्या बाजूने ढिला. 'ग्रीस लावा, बसेल,' असं सांगून त्यांनी मला वाटेला लावलं. या इंजिनात ग्रीस चालत नाही. एका चक्रात मिळणारी ताकद इतकी थोडी असते की घट्ट ग्रीस ती सगळी खाऊन टाकतं, आणि पिस्टन ढिला असेल तर हवा बाजूने निसटते. घट्ट नको आणि ढिलाही नको, एवढीच माझी अट होती, आणि तीच कुणाला कळत नव्हती.

या वर्कशॉपमध्ये पहिल्या दिवशी मालकांनी माझा कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, 'मॅडम, हे फिरतंय कशानं?' महिनाभरात हा प्रश्न विचारणारे ते पहिले. मी स्टुलावर बसून वीस मिनिटं सांगितलं. लेथवरचे चाचा मशीन बंद करून ऐकत होते. चाचांचं वय सत्तरीच्या घरातलं. वडील जुन्या मिलच्या फिटिंग खात्यात होते आणि चाचा दहा-बारा वर्षांचे असल्यापासून त्यांच्या हाताखाली. १८७७ साली उभी राहिलेली ती गिरणी आता फक्त बोलण्यात उरली आहे, पण तिथलं हातकाम या गल्लीत अजून शिल्लक आहे. माझं सांगून झाल्यावर चाचा एवढंच म्हणाले, 'पिस्टन बी बिडाचा, सिलिंडर बी बिडाचा करू. दोन्ही एकदमच फुगतील. पितळ घालू नका.'

मी ड्रॉइंगमध्ये पितळेचा पिस्टन दाखवला होता. चाचांचं बरोबर होतं. धातू वेगळे असले की तापल्यावर फट बदलते, आणि बिडात मुळातच ग्राफाइट असतं, त्यामुळे तेलाचा थेंबही न घालता ते एकमेकांवर सरकतं.

सिलिंडरचा बोअर, म्हणजे आतला व्यास, ३० मिलिमीटर आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, २४. लेथवर काम झाल्यावर पिस्टन आत जातच नव्हता, आणि तसाच ठेवायचा होता. मग लॅपिंग. बारीक पेस्ट, थोडं तेल, आणि हाताने गोल फिरवत पिस्टन आत-बाहेर. चाचांनी हे काम मशीनवर केलं नाही. तासभर लाकडी ठोकळ्यावर बसून केलं. मध्येच घासलेटमध्ये धुवायचे, फडक्याने पुसायचे, उजेडाकडे धरून बघायचे, पुन्हा सुरू. शेवटी सिलिंडर उभा धरला, खालच्या तोंडावर तळहात दाबला आणि वरून पिस्टन सोडला. पिस्टन पडला नाही. मध जसा चमच्यावरून उतरतो तसा सावकाश खाली सरकत गेला. तळहात काढला तशी टक् करून खाली चाचांच्या मांडीवर. त्यांनी तो माझ्या हातात दिला आणि म्हणाले, 'आता तुम्ही करून बघा.' मी पाच वेळा केलं. या एका चाचणीसाठी मी या दुकानाला सगळे तारे देऊन टाकले असते.

डिस्प्लेसरची बाहेरची नळी हे जास्त अवघड काम होतं आणि त्याची कल्पना मला नव्हती. रेलिंगला वापरतात तो दोन इंची स्टेनलेस पाइप मी आणून दिला होता, जाडी साधारण दीड मिलिमीटर. स्टेनलेस घेण्याचं कारण असं की त्यातून उष्णता फार सावकाश जाते, तांब्याच्या पंचवीसपटीने तरी कमी. एक टोक गार करायचं आणि दुसरं टोक तापणार असेल तर मधल्या नळीने दोघांची भेट घडवून आणता कामा नये. म्हणून मला मधला भाग आणखी पातळ, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास हवा होता. एवढा पातळ पाइप चकमध्ये धरून टूल लावलं की तो थरथरतो आणि अंगावर लाटा उमटतात. मालक सरळ 'होत नाही' म्हणाले. चाचांनी सागाचा गुटका पाइपच्या आत बसेल असा कातून घेतला, ठोकून आत घातला, आणि मग वरून अगदी हलके काप घेतले. शेवटी गुटका मागून ठोकून काढला. नळी हातात घेतली तर कागदासारखी वाटावी, आणि दुसऱ्या टोकाला मात्र जाड काठ शाबूत, पाण्याच्या जाकिटासाठी आटे पाडायला.

तांब्याची चकती नळीच्या टोकाला जोडायचं काम दिराने केलं. फ्रीजचे पाइप जोडायला वापरतात तो चांदीचा रॉड आणि फ्लक्स. जोड बघून चाचांनी त्याची पाठ थोपटली, हे तो अजून सांगतो.

चूकही झाली, ती लिहायला हवी. क्रँकच्या चकतीवर पिनचं भोक मध्यापासून १३ मिलिमीटरवर हवं होतं, ते साडेतीन मिलिमीटर आत पडलं. माझे आकडे मिलिमीटरमध्ये आणि या दुकानाची बोली सुताची. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत, आणि हिशेब करता करता दुकानातल्या पोराने तीन सूत धरले. स्ट्रोक कमी झाला आणि डिस्प्लेसर टोकापर्यंत पोचेना. मी दाखवल्यावर कुणी वाद घातला नाही. मालकांनी व्हर्नियर लावून बघितलं, पोराला हाक मारून दाखवलं आणि दुसऱ्या दिवशी नवी चकती दिली, पैसे न घेता. तेव्हापासून मी कागदावर दोन्ही मापं लिहिते. तुम्हीही लिहा.

फ्लायव्हीलसाठी शिलाई मशीनचं जुनं हातचाक मिळालं. बेअरिंगच्या दोन्ही बाजूंच्या झाकण्या काढून आतलं ग्रीस घासलेटने धुऊन टाकायला मालकांनीच सुचवलं. त्यांच्या मागावर कधी केलं नव्हतं, पण माझ्या यंत्राची ताकद किती आहे हे त्यांना आता कळलं होतं. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात स्पिरिटचा दिवा तांब्याखाली लावला, मिनिटभर थांबून चाक बोटाने ढकललं, आणि ते फिरायला लागलं. शेजारच्या कारखान्यातले दोघे-तिघे येऊन बघून गेले. फोनवर सावकाश गतीचा व्हिडिओ घेऊन फेरे मोजले, मिनिटाला चारशेच्या वर.

खरी गोष्ट इथून पुढे.

इंजिन उलटं चालवायचं म्हणजे काय, यात बहुतेकांचा घोटाळा होतो. आधी उष्णता देऊन फिरणं मिळवत होतो, आता फिरणं देऊन उष्णता हलवायची. उलटं होतं ते देणं-घेणं. चाक उलटं फिरवायचं नसतं. दिव्यावर चालताना हवा तांब्याच्या टोकाशी असते तेव्हा फुगते आणि पाण्याच्या टोकाशी असते तेव्हा दबते. फुगणाऱ्या हवेला उष्णता लागते, ती दिवा देतो. आता दिवा काढला आणि मोटर लावून चाक त्याच दिशेने फिरवत ठेवलं, तरी हवा त्याच टोकाला फुगणार, उष्णता मागणार. दिवा नाही म्हणताच ती तांब्याच्याच अंगातली ओढून घेते. ती पाण्याच्या टोकाला नेते, तिथे दबते आणि सोडून देते. तांबं गार, पाणी कोमट. उष्णता थंडीकडून उन्हाकडे चढवणारा हा पंप आहे. विहिरीतलं पाणी मोटरने वर चढवावं तसा.

मोटर शिलाई मशीनची घेतली. सोलापुरात शाळांच्या गणवेशाचं शिलाईकाम इतकं चालतं की जुनी मोटर आणि पायाचा कंट्रोल कुठेही मिळतो. पायाने वेग कमी-जास्त करता येतो हा मोठा फायदा. हातचाकाला पट्ट्याची खाच असतेच. मोटरची लहान पुली आणि चाक मिळून सातपट वेग उतरतो, म्हणजे मिनिटाला पाचशे फेऱ्यांच्या आसपास आरामात चालतं.

हे सगळं मी वर्कशॉपच्या बाकावरच जोडलं, कारण काही अडलं तर चाचा जवळ. एप्रिलअखेरची दुपार, आत ३९ अंश. दीरही आला होता. पॅडल दाबलं, चाक फिरलं, आणि तांब्यावरचा थर्मामीटर ४० दाखवायला लागला, मग ४३, मग ४७. दीर म्हणाला, 'वहिनी, हे तापायलंय.'

चाचांनी चाकाकडे बघितलं आणि म्हणाले, 'दिव्यावर हे घड्याळाच्या काट्यासारखं फिरत होतं. आता डाव्या अंगानं फिरायलंय.' मोटर कुठल्या बाजूला फिरते हे मी बघितलंच नव्हतं. आणि दिशा बदलली की दोन्ही टोकं आपलं काम बदलतात. डिस्प्लेसर पिस्टनच्या पाव फेरा पुढे चालायचा तो आता पाव फेरा मागे पडतो, हवा तांब्याशी असताना फुगण्याऐवजी दबते. यंत्र बरोबरच चाललं होतं, पाण्याकडची उष्णता उचलून तांब्याला देत होतं.

त्या मोटरीची दिशा बदलता येत नव्हती. मी मोटर दुसऱ्या बाजूला बसवायचा विचार करत होते. चाचांनी चामडी पट्टा काढला, मध्ये एक पीळ दिला आणि आठच्या आकड्यासारखा पुन्हा चढवला. जुन्या गिरण्यांत छताजवळून एकच लांब शाफ्ट फिरायचा आणि त्यावरून पट्ट्यांनी खालची सगळी यंत्रं चालायची. ज्या यंत्राला उलटी दिशा हवी त्याचा पट्टा आडवा घालायचा. वडिलांबरोबर त्यांनी हे शेकड्यांनी वेळा बघितलं असणार. पट्ट्याची टोकं जोडणारी तार फुलीवर आली की किंचित टिकटिक वाजते, ती तशीच चालू राहिली, आणि आकडा उतरायला लागला. ४७, ४२, ३८, ३६. मग ३४ वर येऊन थांबला तो थांबलाच. अर्धा तास पॅडल दाबून ठेवलं, काटा हलला नाही.

पाच अंश. दीर काही बोलला नाही, पण त्याने तांब्याला बोट लावलं तेव्हा त्याला काहीच गार लागलं नसणार.

घरी येऊन दोन रात्री हिशेब केला. इंजिन म्हणून हे यंत्र चाललं ते दिव्याच्या जोरावर. दिवा शेकडो अंशांचा, त्यामुळे आतली गळती झाकली जात होती. गार करायच्या कामात ती उघडी पडली. पाण्याच्या टोकाकडची ४० अंशांची हवा दर फेऱ्याला तांब्याकडे जात होती आणि आपली ऊब तिथे ओतत होती. फुगून जी थंडी कमवावी ती या ऊबेतच संपत होती. उपाय नवा नव्हता. स्टर्लिंगने १८१६ मध्येच तो दिला होता आणि त्याला इकॉनॉमायझर म्हटलं होतं, आज रिजनरेटर म्हणतात. हवेच्या जाण्या-येण्याच्या वाटेवर बारीक जाळी ठेवायची. हवा थंड टोकाकडे जाताना आपली उष्णता जाळीत ठेवून जाते आणि परत येताना उचलून घेते. देवळात जाताना चप्पल दारात काढावी आणि निघताना तीच घालावी, तसं. स्टर्लिंग यंत्राने थंडी करायची तर हा भाग नसून चालत नाही.

मैदा चाळायच्या स्टीलच्या चाळण्यांची जाळी आणली. नवा डिस्प्लेसर पोकळ, दोन्ही तोंडांना भोकं, आत जाळीच्या गोल चकत्या एकावर एक. चकत्या कापायला चाचांनी लेथवर एक पंच बनवून दिला, तो माझ्या बिलात नव्हता. बाजूने हवा निसटू नये म्हणून टेफ्लॉनची कडी, तीसुद्धा त्यांचीच सूचना. मी सांगितलेली कडी जाड होती, त्यांनी अंगठ्याने दाबून बघितली आणि निम्मी केली, 'घासेल, आणि घासेल तर तापेल.' गार करायच्या यंत्रात घर्षणाची उष्णता ही दुहेरी मार आहे, हे मी वर्गात शिकवते, आणि इथे लेथवरचा माणूस मला बोटाने सांगत होता.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात घरी लावलं. कूलरच्या छोट्या पंपाने जाकिटातून बादलीतलं पाणी फिरवत ठेवलं. तांब्याभोवती थर्माकोल. संध्याकाळी खोलीत ३६ अंश. पंचवीस मिनिटांत तांबं ११ वर गेलं.

मी दिराला फोन केला. तो कामावरून तसाच आला, हातात गेज-होज. तांब्यावर बोट ठेवलं, काढलं, परत ठेवलं. मग यंत्राच्या मागे वाकून बघितलं, कुठे कॅपिलरी आहे का, कुठे चार्जिंगचं तोंड आहे का. मी पिस्टन बाहेर काढून त्याच्या हातात दिला. आतून बाहेर आली ती आमच्या खोलीतली हवा. तो म्हणाला, 'वहिनी, आत काहीच नाही की.' मी म्हटलं, 'हवा आहे.' त्या रात्री तो जेवायला थांबला आणि अकरापर्यंत प्रश्न विचारत होता.

पुढच्या महिन्यांत मी नोंदी ठेवल्या. जूनच्या पहिल्या पावसानंतर खोली ३०, तांबं ५. हवेत दमटपणा असल्यामुळे चकतीवर दव धरलं आणि थेंब टपकू लागले. आधी मी त्यावर टॉवेलची पट्टी गुंडाळली होती, ती भिजून चिंब झाली आणि काढावी लागली. डिसेंबरच्या रात्री खोली २२ आणि तांबं उणे ४. चकतीच्या कडेने आधी पांढरी रेघ उमटली, मग आतल्या बाजूला सरकत गेली आणि दहा मिनिटांत सबंध चकती बारीक हिमाने भरली. सोलापुरात, साध्या हवेने, शिलाई मशीनच्या मोटरवर. नोंदी शेजारी ठेवल्या तर फरक दरवेळी २५-२६ अंशांचाच आहे. हे यंत्र ठरावीक तापमान देत नाही, ठरावीक चढ देतं. वर्गात हे तीन आकडे फळ्यावर लिहिले की मुलं स्वतःच ते बोलतात.

आता जे होत नाही तेही लिहिते, म्हणजे कुणी फ्रीज करायच्या आशेने पैसे घालायला नको. तांब्याला विजेच्या रेझिस्टरने २.५ वॅट उष्णता देत राहिले तर २५ अंशांचा फरक १२ वर येतो. म्हणजे गार करायची ताकद दोन-तीन वॅट, आणि मोटर भिंतीतून सुमारे ७० वॅट घेते. कागदावरचं गणित सांगतं की ३६ आणि ११ अंशांच्या दरम्यान आदर्श यंत्राने एका वॅट कामात अकरा वॅट उष्णता उचलावी. आपण त्याच्या जवळपासही नाही. बराचसा वाटा मोटरीच्या स्वतःच्या तापण्यात आणि पट्ट्यात जातो, उरलेला जाळीतल्या अडथळ्यात आणि त्या पातळ नळीतून परत येणाऱ्या उष्णतेत. घरगुती फ्रीजचा कॉम्प्रेसर या बाबतीत कितीतरी पुढे आहे आणि तो जागेवर बरोबर आहे.

पण जिथे फार खोल थंडी हवी तिथे हीच रीत चालते. स्कॉटलंडमध्येच अलेक्झांडर कर्कने १८६० च्या दशकात पॅराफिनच्या कारखान्यासाठी असं थंड करणारं यंत्र चालवलं. पुढे हॉलंडच्या फिलिप्स कंपनीने रेडिओला वीज पुरवायला स्टर्लिंग इंजिन हाती घेतलं आणि दुसऱ्या महायुद्धानंतर तेच उलटं चालवून हवेचं द्रवरूप केलं. अंधारात बघणाऱ्या उष्णता-कॅमेऱ्यांचे डोळे गार ठेवायला आजही मुठीत मावतील एवढे स्टर्लिंग कूलर असतात. हे मी दुकानात सांगितलं तेव्हा मालक म्हणाले, 'आमच्या गावात गाय भरवायला डॉक्टर येतात, त्यांच्या गाडीला धुराडणारा डबा असतो, त्यातलं?' त्यात द्रव नायट्रोजन असतो, उणे १९६ अंशांचा. तो करायची यंत्रं स्टर्लिंग पद्धतीचीही असतात, असं सांगितल्यावर चाचांनी माझ्या पिस्टनकडे वेगळ्या नजरेने बघितलं.

मालकांनी मग लगेच विचारलं, आत कॉम्प्रेसरने हवा भरून दाब वाढवला तर? प्रश्न अचूक आहे, दाब वाढवला की ताकद त्याच प्रमाणात वाढते, मोठी यंत्रं अशीच चालतात. पण अर्ध्या मिलिमीटरच्या नळीत मी दाब भरणार नाही, तेही मुलांसमोर ठेवायच्या यंत्रात. त्यांना ते पटलं आणि विषय तिथेच संपला.

पैशाचं सांगते. सिलिंडर आणि पिस्टन १,४०० रुपये, नळी ९००, क्रँक-शाफ्ट-बेअरिंगची घरं १,१००, नंतरचा जाळीचा डिस्प्लेसर ८००. एकूण ४,२००. लॅपिंगला गेलेला वेळ धरला तर हे पैसे कमी आहेत, आणि मी ते बोलूनही दाखवलं.

तक्रारी आहेत. दिलेला वार पाळला जात नाही. सोमवार म्हटलं की शुक्रवार धरायचा. मागाचा शाफ्ट तुटला तर कारखाना बंद असतो, त्यामुळे ते काम तुमच्या पुढे घुसणार, हे समजून घ्यावं लागतं, पण आधी फोन करून कळवलं तर माझी रिक्षा वाचली असती. फोन मशीनच्या आवाजात ऐकू जात नाही, दुपारी जेवणाच्या वेळी करा. पक्कं बिल मागितल्याशिवाय मिळत नाही. ड्रॉइंगचा कागद तेलाने काळा होऊन परत येतो, म्हणून झेरॉक्स द्या, मूळ प्रत घरी ठेवा. बायकांना बसायला वेगळी जागा वगैरे नाही, पण सात-आठ खेपांत एकदाही कुणी अवघडून टाकणारं बोललं नाही. स्टूल पुसून दिला जातो आणि चहा येतो. पातळ ॲल्युमिनियमचं काम देऊ नका, त्याला हवं तसं टूल त्यांच्याकडे नाही आणि ते स्वतःच सांगतात.

जाताना जोडीला बसणारा भाग बरोबर न्या, नुसतं माप नेऊ नका. आणि यंत्र काय करणार आहे हे चाचांना सांगा, त्यांनी विचारलं नाही तरी.

जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, सुट्टीत चाचा नातवाला घेऊन घरी आले होते, हिम बघायला. पोराने नखाने चकतीवर रेघ ओढली आणि ती पुन्हा पांढरी होईपर्यंत तिथेच उभा राहिला. चाचांचं लक्ष मात्र पिस्टनकडे होतं. निघताना म्हणाले की पुढच्या यंत्राचा बोअर ४० करू, जाळी आणखी बारीक घालू. मी ३६ म्हणते, कारण ४० ला ही मोटर ओढेल असं वाटत नाही. बिडाची कांडी त्यांनी बाजूला काढून ठेवली आहे. शनिवारी जाणार आहे, तेव्हा ठरेल.